पेम्फिगस व्हल्गॅरिस

त्वचा व श्लेष्मल पटलांवर फोड आणणारा स्वयंप्रतिरक्षी (शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटल्याने होणारा) रोग. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो तोंडातच सुरू होतो. त्वचेवर फोड उमटेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. तोवर ‘उष्णता झाली’ म्हणून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या जातात. साध्या तोंड येण्यातील व्रण बहुधा दोन आठवड्यांत भरतात, हे मात्र भरत नाहीत. तोंडात अखंड फोड क्वचितच सापडतो. पातळ साल निघून गालाच्या आत किंवा टाळूवर लाल, कच्ची जागा उरते आणि भाकरीचा पापुद्राही टोचतो.

नावाचे मूळ ग्रीक ‘पेम्फिक्स’ (बुडबुडा, फोड) या शब्दात आहे. हिपॉक्रेटीसच्या नावावरील ग्रंथांत फोडांसह येणाऱ्या ज्वरासाठी या शब्दाचे रूप येते. अठराव्या शतकात सोव्हाज यांनी ‘पेम्फिगस’ ही संज्ञा वापरली, पण त्यांचे वर्णनही अल्पकालीन, ज्वरयुक्त विकाराचे आहे. त्यामुळे आजच्या अर्थाच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय सामान्यतः विखमान (१७९१) यांना दिले जाते व तेच अधिक ग्राह्य वाटते. १९५३ मध्ये लेव्हर यांनी पेम्फिगॉइड हा फोडांचाच दुसरा रोग वेगळा काढला. त्याआधीच्या वृत्तांतांत दोन्हींची सरमिसळ असणे संभवते.

अधित्वचेतील पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या डेस्मोग्लीन प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होतात. तोंडात डेस्मोग्लीन ३ प्रमुख असते. त्वचेत त्याची उणीव डेस्मोग्लीन १ भरून काढते. म्हणून केवळ ३ विरुद्धची प्रतिपिंडे असताना रोग मुख्यतः तोंडापुरता राहतो, १ विरुद्धचीही आली की त्वचेवर पसरतो. निदानासाठी बायॉप्सीचे दोन तुकडे लागतात : एक नेहमीच्या सूक्ष्मदर्शी तपासणीसाठी, दुसरा पेशींभोवती चिकटलेली प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या प्रतिदीप्ति-परीक्षेसाठी. हा दुसरा तुकडा व्रणालगतच्या शाबूत भागातून घेतात व तो फॉर्मॅलिनमध्ये टाकत नाहीत.

स्टेरॉइडपूर्व काळात हा रोग बहुधा प्राणघातक ठरे. भारतात जे. एस. पसरीचा यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात रूढ केलेली ‘पल्स’ पद्धत दीर्घकाळ प्रचलित राहिली : सलग तीन दिवस शिरेतून १०० मिग्रॅ. डेक्सामेथासोन, त्यांपैकी एका दिवशी ५०० मिग्रॅ. सायक्लोफॉस्फमाइड, दर २८ दिवसांनी; मधल्या काळात सायक्लोफॉस्फमाइडची रोज ५० मिग्रॅ.ची गोळी. या औषधाने प्रजननक्षमतेला धोका पोहोचत असल्याने अपत्यप्राप्ती इच्छिणाऱ्यांत ते टाळतात. प्रतिपिंडे तयार होण्यास आवश्यक पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधामुळे चित्र बदलले. २०१७ च्या फ्रेंच चाचणीत अल्पकालीन स्टेरॉइडसह ते दिलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण २४ महिन्यांनी औषधांविना रोगमुक्त होते. केवळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. रिटुक्सिमॅब देण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणी आवश्यक असते.

त्वचा स्वच्छ झाल्यावरही तोंडातील व्रण बहुधा मागे रेंगाळतात. त्यांवर ट्रायअ‍ॅम्सिनोलोनचा लेप लावतात, किंवा बीटामेथासोनची विरघळणारी गोळी पाण्यात टाकून त्या पाण्याने चूळ भरतात. पाणी गिळायचे नसते. पांढरा, पुसता येणारा थर दिसू लागल्यास तो रोगाचा नव्हे, स्टेरॉइडमुळे वाढलेल्या कॅन्डिडा बुरशीचा असू शकतो व त्यासाठी क्लोट्रिमॅझोल देतात. हिरड्या सोलवटल्याने रुग्ण दात घासणे सोडतात, कीटण साचते आणि हिरड्या आणखी बिघडतात. म्हणून मऊ ब्रश व दंतवैद्याची देखरेख उपचारातच धरतात.