खुर्ची उंच झाली आणि पायाखाली स्टूल आलं

आमची आजी पाच फुटाला जरा कमीच, आणि घरातली खुर्ची आजोबांच्या मापाची. शिसवी, जड, एकट्याने हलवता न येणारी. ती बसली की पाय लोंबायचे, तासाभरात घोट्यांना सूज यायची, मग कुणीतरी जेवणाचा एक जुना पाट आणून खाली सरकवायचं. त्या पाटाच्या एका कडेला तिच्या टाचांनी हलकासा खळगा पडलाय, बोट फिरवलं की कळतो. फूटस्टूल हा शब्द घरात कुणीच वापरत नव्हतं पण वस्तू तीच. नंतर जुन्या फर्निचरचा नाद लागला तेव्हा कळलं की या वस्तूचा हजारो वर्षांचा इतिहास याच एका कारणापासून सुरू होतो, बसणाऱ्याच्या पायांपेक्षा खुर्ची उंच!

आधी ती उंची मानाची होती. राजा बाकीच्यांपेक्षा वर बसणार, म्हणजे आसन उंच, म्हणजे पाय अधांतरी, आणि राजाचे पाय लोंबून कसं चालेल? १९२२ मध्ये इजिप्तमध्ये तुतनखामनची कबर सापडली त्यात सिंहासनांबरोबर पाय ठेवायची स्टुलंही निघाली, आणि त्यातल्या काहींच्या वरच्या फळीवर हात बांधलेले शत्रू आडवे पडलेले दाखवलेत. राजा बसला की शत्रू आपोआप पायाखाली. हा राजा गादीवर आला तेव्हा जेमतेम ८-९ वर्षांचा होता, म्हणजे मानाचं सोडा, त्या पोराला आधाराची खरोखरच गरज असणार. मला हे वाचून आजीच आठवली. बायबलमध्येही वैऱ्यांना तुझं पादासन करीन अशी ओळ आहे, कल्पना तीच. इराणात पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीतल्या दगडी शिल्पांत बादशहा चौरंगावर पाय ठेवून बसलेला दिसतो, आणि तो चौरंग वाहून नेणारा वेगळा सेवकसुद्धा कोरलाय.

आपल्याकडे याला पादपीठ म्हणायचे. मांडलिक राजे वाकून नमस्कार करतात आणि त्यांच्या मुकुटातली रत्नं घासून सम्राटाचं पादपीठ झिजतं, हे वर्णन संस्कृत काव्यात ठरलेलंच. पण सामान्य घरात ते कधी आलं नाही, कारण आपण जमिनीवर बसणारी माणसं, पाट, चटई, बैठक, फार तर चौरंग, मग पायाखाली आणखी काय घालणार? मला वाटतं आपल्या घरांत फूटस्टूलला रुळलेला मराठी शब्द नाही त्याचं कारण हेच, खुर्चीच उशिरा आली.

युरोपात मात्र ते घराघरांत गेलं, आणि तिथे कारण होतं थंडी. दगडी फरशी, दाराखालून येणारा वारा, वर बसलेला माणूस शेकोटीजवळ असला तरी पाय गारठलेले. डच लोकांनी तर पाय ठेवायचं स्टूल आणि शेगडी एकच करून टाकली. लाकडी पेटी, वरच्या फळीला भोकं, आत मातीच्या भांड्यात निखारे, त्यावर पाय ठेवायचे आणि बायका वरून घागरा सोडायच्या म्हणजे ऊब आतच राहते. डच चित्रकार व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या मोलकरणीच्या चित्रात, १६६० च्या आसपासच्या, उजवीकडे खाली जमिनीवर ही पेटी ठेवलेली आहे. सगळे दुधाच्या धारेकडे बघतात, एकदा खाली पण बघा.

१८व्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत गाऊट, म्हणजे सांधे सुजवणारा आजार, फार. अंगठा इतका ठणकायचा की चादरीचा स्पर्श सहन होत नसे, आणि पाय वर ठेवणं हाच काय तो दिलासा. म्हणून वरचा भाग हवा तसा वरखाली करता येईल अशी खास स्टुलं निघाली. जॉर्ज हेपलव्हाइट या सुताराच्या नावाचं डिझाइनचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये निघालं त्यातही असं स्टूल आहे. एका दुखऱ्या पायासाठी कुणीतरी एवढा विचार केला, मला ही सगळ्यात माणुसकीची पायरी वाटते.

आज जुन्या बाजारात अँटिक म्हणून जे सर्रास मिळतं ते बहुतेक त्यानंतरचं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. वीतभर उंचीचं, गोल किंवा चौकोनी, वर भरतकाम. हे भरतकाम घरच्या बायका स्वतः करायच्या. बर्लिनहून चौकटीच्या कागदावर रंगवलेले नमुने यायचे, एक चौकोन म्हणजे कॅनव्हासवर एक टाका, मोजत मोजत लोकर भरत जायचं. आपल्याकडे जुन्या दिवाणखान्यांत फ्रेम करून लावलेले उलनचे पोपट आणि कुत्रे आठवतायत का, मोजून टाके घालायची रीत तशीच. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला आणि पुढच्या काही वर्षांत लोकर एकदम भडक झाली. आज ती स्टुलं वरून विटकी दिसतात पण कॅनव्हासची मागची बाजू पाहायला मिळाली तर जांभळा आणि हिरवा अजून लख्ख असतो.

याच काळाची एक वाईट बाजूही आहे, हत्तीचा पाय कापून, पोकळ करून, वर गादी बसवून केलेली स्टुलं. शिकारीची आठवण म्हणून साहेबलोक ती करून घ्यायचे, लंडनमध्ये रोलंड वॉर्डसारखे नामांकित लोक प्राण्यांच्या अवयवांचं फर्निचर बनवत. मला ते बघवत नाही, आणि कुणी कितीही कौतुकाने दाखवलं तरी घरात ठेवण्यासारखी ती वस्तू नाही. आता तर भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे अशा वस्तूंचा व्यापार करताच येत नाही.

आपल्याकडची चांगली आठवण म्हणजे मुंबईचं शिसवी कोरीव फर्निचर. १९व्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी इंग्रजी घाटाच्या खुर्च्या-कोचांवर वेलबुट्टी, पक्षी, नागमोडी पाय असं इतकं दाट कोरलं की ते बॉम्बे ब्लॅकवूड नावाने परदेशातही ओळखलं जायचं. पारशी घरांत आणि साहेबांच्या बंगल्यांत ते असायचं, आणि बैठकीच्या सेटसोबत छोटी पाय ठेवायची स्टुलंही. चोरबाजारात मटन स्ट्रीटला मी असं एक उलटं करून पाहिलं होतं. खाली गोणपाट, त्यावर आडव्याउभ्या विणलेल्या नवारीसारख्या पट्ट्या, कडेने बारीक चुका, आणि एका फाटलेल्या कोपऱ्यातून डोकावणारे घोड्याचे कुरळे केस. ते केस दाबले की परत वर येतात, म्हणून तर शंभर वर्षं गादी बसत नाही. आणि तो गोणपाट म्हणजे आपला बंगालचा ताग, जो १९व्या शतकात जहाजाने स्कॉटलंडच्या डंडीला जायचा आणि तिथल्या गिरण्यांत विणला जायचा.

उलटं करून बघायची सवय म्हणूनच लावून घ्या. चुकांच्या जागी स्टेपल दिसल्या तर कापड अलीकडे बदललंय. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा नाहीच. आत फोम निघाला तर भरण विसाव्या शतकातलं. यातलं काही दिसलं म्हणजे वस्तू खोटी असं नाही, सांगाडा जुना असू शकतो, पण मग किंमत तशी लावा. अँटिक म्हणजे साधारण शंभर वर्षांपुढचं, भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही कलाकुसरीच्या वस्तूंना शंभराचीच अट आहे. त्याच्या अलीकडचं ते व्हिंटेज.

व्हिंटेजमध्ये स्टूल अचानक उंच झालेलं दिसतं. कारण खुर्चीच बदलली, ती खाली आली आणि मागे कलली, मग पाय नुसते टेकवायचे नाहीत, लांब पसरायचे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची १९५६ ची लाउंज खुर्ची आणि तिचं ऑटोमन ही त्याची प्रसिद्ध जोडी, स्टूल जवळजवळ खुर्चीच्या बैठकीइतकंच उंच. ऑटोमन हे नाव तुर्कांवरून आलं, त्यांच्याकडच्या गाद्यांच्या ठेंगण्या बैठकांवरून. आपल्याकडे हेच पुढे रेक्झिनचं गोल मोडं, म्हणजे गादीचं स्टूल, होऊन आलं, लाल नाहीतर चॉकलेटी, वर मधोमध एक बटण, आणि त्यावर पाय कमी ठेवले गेले आणि पाहुण्यांची पोरंच जास्त बसली.

आजीच्या पाटाला मी पॉलिश केलेलं नाही. सुतार म्हणाला रंधा मारून सपाट करून देतो, मी नको म्हटलं. नुसतं अळशीचं तेल लावून पुसला, तेल त्या खळग्यात जरा जास्त मुरलं आणि तेवढा भाग आता गडद दिसतो.