सोलापूरच्या उन्हाला न सुटणारी गाठ

फुटकी प्लास्टिकची बादली भंगारवाला मुकाट नेतो. ती वितळवून नवं काहीतरी बनतं. जुन्या टायरचं तसं नाही. तापवला तर तो वितळत नाही, जळतो. रबराच्या लांबलचक रेणूसाखळ्या त्यात गंधकाने एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात. चादरीच्या मागावरचे सुटे धागे सरकतात, पण त्यांना जागोजाग गाठी मारल्या तर एकच जाळं होईल; तसंच हे. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात.

आता हवी तेव्हा सोडता येणारी गाठ घ्या. टोंका नावाच्या बियांना ज्याच्यामुळे गोड वास येतो, ते कौमारिन इथे कामाला येतं. पॉलिमरच्या, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, लांब साखळ्यांना कौमारिनचे रेणू जोडायचे आणि साधारण ३५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकायचा. शेजारचे दोन कौमारिन आपापला दुहेरी बंध मोडून एकमेकांना धरतात, मध्ये चार कार्बनची चौकट बनते. झाली गाठ! २५४ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की चौकट उलगडते.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा अशा गाठींच्या पॉलिमरचा लेप गच्चीवर दिला तर टिकेल का? गाठींपुरतं बोलायचं तर हो. उन्हातले अतिनील किरण गाठ बांधू शकतात, पण २५४ नॅनोमीटरचे किरण ओझोनचा थर वरच अडवतो. ते हवे असतील तर दिवाच लागतो, आणि तसा दिवा कित्येकांच्या स्वयंपाकघरात आहे: यूव्ही वॉटर प्युरिफायरमधली पाऱ्याच्या वाफेची नळी. (ती उघडून बघू नका, डोळ्यांना इजा होते.) गंमत म्हणजे तिथे हाच प्रकाश गाठ बांधतो! जंतूंच्या डीएनएमध्ये शेजारशेजारच्या थायमिन नावाच्या घटकांत तशीच चार कार्बनची चौकट बनते आणि जंतूंची वाढ खुंटते.

प्रयोगशाळेतही सगळ्या गाठी सुटत नाहीत. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश सुटे झालेले कौमारिनही शोषतात, त्यामुळे काही पुन्हा जोडले जातात. शिवाय प्रकाश फार आत शिरत नाही. काजळी घातलेल्या काळ्या टायरपुढे तर त्याचं काहीच चालत नाही. टायरचा प्रश्न यातून सुटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. खरा उपयोग पातळ थरांचा: प्रकाश टाकून सैल करता येणारे गोंद, किंवा असे लेप ज्यांच्यावर ओरखडा पडला की गाठी सोडायच्या, साखळ्या सरकून भेग भरू द्यायची आणि दुसऱ्या दिव्याखाली पुन्हा आवळायच्या.