जाणकारी आणि भरवसा: फाउंड्रीत गल्लत कुठे होते?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, सुपरवायझर कसा आहे विचारलं, की मालक म्हणतो, "जुना माणूस, एकदम भरवशाचा." खरं तर बऱ्याचदा ते काम त्याच्याशिवाय कुणाला येत नसतं, एवढंच. तो आठ दिवस रजेवर गेल्यावर रिजेक्शन (नापास माल) वाढलं, तर कमी पडली जाणकारी. माल ठीक निघाला, पण पार्ट्या (माल घेणारे ग्राहक) "ते आल्यावर बोलू" म्हणू लागल्या, तर भरवसा त्याच्यावर होता, कारखान्यावर नव्हता.

ताळेबंदात दोन्ही दिसत नाहीत. लेखा मानक २६ प्रमाणे स्वतः कमावलेलं नाव मालमत्ता म्हणून दाखवताच येत नाही.

जाणकारी बरीचशी कागदावर उतरवता येते. ग्रे आयर्नच्या (साध्या बिडाच्या) ५०० किलोच्या लॅडलला, म्हणजे रस ओतायच्या भांड्याला, ०.३ टक्के इनॉक्युलंट म्हणजे दीड किलो. बीड पांढरं, कडक होऊ नये म्हणून रसात टाकायची ही भुकटी. त्याचा असर साधारण १०-१५ मिनिटांत ओसरतो. ओतायला उशीर झाला की पातळ कोपरे पांढरे, कडक होतात आणि मशीन शॉपमध्ये टूल तुटतं. म्हणून प्रत्येक हीटला (भट्टीच्या एका वितळणीला) टॅपिंगचं, म्हणजे भट्टीतून रस काढतानाचं तापमान, वेज (चाचणीसाठी ओतलेली पाचर) तोडल्यावर दिसणारी पांढरी कड आणि पहिल्या-शेवटच्या मोल्डमध्ये (साच्यात) ओतल्याची वेळ लिहावी.

भरवसा असा लिहून देता येत नाही. पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) पार्टीचा असतो, ठेवलेला आपल्याकडे. त्यावर चोरून दुसऱ्याचा माल ओतला आणि ते कळलं, की पॅटर्न उचलून नेलाच म्हणून समजा. खराब हीट बाहेर गेली असेल, तर माल मशीनवर चढायच्या आत हीट नंबर सांगून फोन करावा. मशीनिंग झाल्यावर पार्टीची मजुरीही बुडते, मग नुसती कास्टिंगची किंमत सोडून भागत नाही.

जाणकारी आणि भरवशाची खरी गाठ पडते ती हीटच्या नोंदीत. रिजेक्शन मोल्डरच्या पगारातून कापलं, की वेळेच्या रकान्यात रोज 'आठ मिनिटं' येतं. चौदा कोण लिहील? मग ती वही भरूनही काही शिकवत नाही. आमच्या मते आधी ही कपात बंद करावी, फॉर्म नंतर छापावेत. उशीर झाल्याचं मोल्डरने सांगितलं, की त्या हीटचे शेवटचे मोल्ड खडूने खूण करून बाजूला काढावेत आणि थंड झाल्यावर पातळ कोपऱ्यावर कानस मारून बघावी. कानस घसरली, तर तो नग पुढे पाठवू नये.