आभाळातून शेतात पडलं, ते कोणाचं?

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून सोडलेले पातळ पॉलिथिनचे अवाढव्य फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंची गाठतात आणि काम संपलं की त्यांची उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात. नांदेड-लातूरकडच्या रानातही ती उतरू शकतात. असं काही सोयाबीनमध्ये सापडलं की पोलीस पाटील पोहोचायच्या आधी गावभर बोभाटा होतो : उपग्रह पडला!

कायद्याच्या लेखी तो उपग्रह नाही. फुगा हवेत तरंगतो आणि हवाई हद्दीवर त्या-त्या देशाची सत्ता असते. अवकाश कुठून सुरू होतं, हे मात्र १९६७ च्या बाह्य अवकाश करारात लिहिलेलंच नाही. शंभर किलोमीटरची रेषा आपण सोयीसाठी मानतो.

खरोखर अवकाशातून आलेलं लोखंडलक्कड शेजारच्या विदर्भात पडलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळते गोळे जाताना लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आढळलं. ते चिनी रॉकेटचं असावं, असा अंदाज होता.

असं कडं तुमच्या शेतात आलं तर? जमीन सातबाऱ्यावर तुमची असली तरी कडं तुमचं होत नाही. १९६७ च्या कराराच्या आठव्या कलमानुसार वस्तू अवकाशात असो वा परत पृथ्वीवर पडलेली, तिची मालकी बदलत नाही. १९६८ च्या करारानुसार आपल्या सरकारने ती सापडल्याचं कळवायचं आणि सोडणाऱ्या देशाने मागितली तर परत द्यायची, खर्च त्यांचा. भंगारवाल्याला विकायचा विचार सोडा. हातही लावू नका, कारण टाकीत हायड्राझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

नुकसानभरपाईचा १९७२ चा करार मला या सगळ्यांत जास्त शहाणपणाचा वाटतो. कक्षेत दोन उपग्रह धडकले तर चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागतं. जमिनीवर पडून गोठा मोडला किंवा कोणी जखमी झालं, तर चूक दाखवायची गरजच नाही. सोडणारा देश सरळ जबाबदार. खाजगी कंपनीचं रॉकेट असलं तरी जबाबदारी देशावरच येते. मात्र या करारानुसार दावा सरकारनेच, राजनैतिक मार्गाने आणि साधारण वर्षभराच्या आत करायचा असतो. म्हणून पंचनामा आणि फोटो त्याच दिवशी हवेत.

पैसे मिळतात का? १९७८ च्या जानेवारीत अणुभट्टी असलेला सोव्हिएत ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत कोसळला. किरणोत्सारी तुकडे शोधून उचलण्यासाठी कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली.

खरी मेख १९७२ च्या कराराच्या सातव्या कलमात आहे. सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागूच होत नाही. म्हणजे चिनी तुकडा तुरीत पडला तर दिल्लीला बीजिंगकडे दावा करता येईल. श्रीहरिकोट्याहून गेलेल्या रॉकेटचा पडला, तर हा करार कामाचा नाही. भारताचं अवकाश धोरण २०२३ मध्ये आलं, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. त्या शेतकऱ्याची वाट तहसील आणि दिवाणी न्यायालयातूनच जाते.