क्षयरुग्णाची साखर, मधुमेह्याचा खोकला

ऑक्टोबर छाटणीपासून काढणी संपेपर्यंत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत दोन तऱ्हेची माणसं दिवस-दिवस सोबत असतात. पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, शुगरची गोळी चालू असलेला बागायतदार आणि पेठ-सुरगाण्याहून आलेला, चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाचा मजूर. क्षयाचा जंतू दोघांनाही गाठतो, पण दोघांच्या शरीरात तो वेगळा वागतो. म्हणून एकाला लावलेली तपासणीची फूटपट्टी दुसऱ्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या सगळ्यांना क्षय होत नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती जंतूला कोंडून ठेवते. ही कोंडी कशाने फुटते? मधुमेहाने, कुपोषणाने, एचआयव्हीने, तंबाखूच्या धुराने, दारूने, खडी क्रशरवर फुप्फुसात गेलेल्या दगडाच्या धुळीने. एकट्या मधुमेहाने क्षयाची शक्यता दुपटी-तिपटीने वाढते. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर आहे आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याकडे आहे. इतके मोठे दोन आजार एकाच देशात असले की ते एकाच अंगात भेटणारच.

साखर वाढली की बिघडतं काय, ते नीट पाहू. जंतू फुप्फुसात शिरल्यावर तिथल्या पहारेकरी पेशींनी त्याची खबर जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत न्यायची असते. मग तिथून लढाऊ पेशी निघतात. मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत ही खबर उशिरा पोचते असं दिसलं. तेवढ्या अवधीत जंतू वाढत राहतात, आणि कुमक पोचते तेव्हा एवढ्या जंतूंशी लढताना दाह फार मोठा होतो. माणसातही चित्र याच्याशी जुळतं. नियंत्रणात नसलेल्या मधुमेहात बेडक्यात जंतू जास्त असतात, फुप्फुसात पोकळ्या जास्त होतात, दोन महिन्यांच्या औषधानंतरही थुंकीत जंतू सापडण्याची शक्यता वाढते. उपचार चालू असताना मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि बरं झाल्यावर आजार उलटण्याचा धोकाही वाढतो.

एचआयव्हीत याच्या उलट घडतं. फुप्फुसातली पोकळी प्रतिकारशक्तीच्या धुमश्चक्रीतून तयार होते. ती शक्तीच खचली की पोकळी होत नाही, थुंकीत जंतू कमी उतरतात, एक्स-रे जवळपास स्वच्छ दिसू शकतो, आणि माणूस मात्र झपाट्याने ढासळतो. थुंकीतल्या जंतूंच्या संख्येवरून आजाराचं गांभीर्य ठरवायची सवय इथे घात करते. म्हणूनच प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणी करायची असते. ती त्याच्या वागणुकीवर घेतलेली शंका नाही, हे समजावून सांगितलं की सहसा कोणी नकार देत नाही.

मधुमेही माणसाचा क्षय बरेचदा हुकतो, त्याला कारण आहे. नेहमीचा क्षय फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो. मधुमेहात तो खालच्या भागातही दिसतो आणि न्यूमोनिया समजला जातो. मग एक प्रतिजैविक, ते झालं की दुसरं. त्यात लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीचं औषध आलं तर ते क्षयाच्या जंतूलाही थोडं दाबतं. चार दिवस बरं वाटतं, थुंकीची तपासणी नकारात्मक येऊ शकते, आणि निदान काही आठवडे पुढे जातं. वजन घटलं तर घरचे म्हणतात, शुगरनेच वाळलाय. रात्री घाम आला तर साखर कमी झाली असेल. क्षयाचं प्रत्येक लक्षण मधुमेहाच्या खात्यावर टाकता येतं. त्यामुळे मधुमेही माणसाला दर भेटीत चार प्रश्न विचारायचे: दोन आठवड्यांपासून खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर थुंकी आणि एक्स-रे. नीट चालणारी साखर गोळ्या तशाच असताना एकाएकी बिघडली, तर तो पाचवा इशारा समजावा.

थुंकीचे दोन नमुने लागतात. एक त्याच वेळी, दुसरा सकाळी उठल्या-उठल्या. आधी पाण्याने चूळ भरायची, उघड्या हवेत उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून बेडका डबीत टाकायचा. दोन ते पाच मिलिलिटर पुरे. नुसती लाळ दिली की तपासणी नकारात्मक येते आणि सगळ्यांनाच खोटा दिलासा मिळतो. शक्य तिथे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूची जनुकीय तपासणी करून घ्यावी. या तपासण्या एक-दोन तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतो का, दोन्ही सांगतात.

आता उलटी बाजू, क्षयरुग्णाची साखर. ही प्रत्येकाची तपासायची, अंगाने कसाही असो. गावात आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो तक्ता भरतात, त्यात वय, कमरेचा घेर, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातला मधुमेह यांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला प्राधान्य. तक्ता उपयोगी आहे, पण कमरेच्या घेराला गुण देणारा तक्ता बारीक माणसाला मागे टाकतो. सडपातळ मधुमेही आपल्याकडे काही कमी नाहीत. क्षयाने आधीच दहा किलो उतरलेल्या माणसाचा घेर मोजून काय कळणार?

कधीही घेतलेली साखर १४० मिलिग्रॅम किंवा वर आली तर उपाशीपोटी पुन्हा तपासायची. किमान आठ तास काही खायचं नाही. पाणी चालतं, चहा नाही. १२६ किंवा वर आली तर मधुमेहाचं निदान होतं, पण क्षयरुग्णाच्या बाबतीत एक अट घालून. आजाराच्या ताणानेही साखर तात्पुरती चढते. वर असेल तर उपचार लगेच सुरू करायचे, मात्र ‘कायमचा मधुमेही’ असा शिक्का मारण्याआधी दोन-तीन महिन्यांनी, ताप उतरल्यावर, पुन्हा मोजायचं.

नाशिकच्या संदर्भात इथे दोन गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात.

पहिली, द्राक्षांची. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघताना बोटावर द्राक्षाचा रस लागलेला असेल तर यंत्र रक्तासोबत त्या रसातलीही साखर मोजतं. जपानमधल्या एका अभ्यासात फळं सोलल्यानंतर बोट स्पिरिटने पुसलं तरी आकडा चुकीचा चढाच आला. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावरच तो खरा आला. काढणीच्या दिवसांत बागेवर किंवा पॅकहाउसमध्ये शिबिर घेताना स्पिरिटच्या बोळ्याआधी पाण्याची बादली लागते. साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, मग टोचायचं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच बंद करायचं, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा विचार केल्याशिवाय रक्ताचा कुठलाही रिपोर्ट वाचू नये. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही सोयीची तपासणी आहे, उपाशी राहावं लागत नाही. पण ती लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, या गृहीतावर उभी आहे. सिकलसेल आजारात पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. आकडा खोटा कमी येतो. नुसत्या वाहकातही तो थोडा खाली येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात उलट, आकडा खोटा जास्त येतो. एकाच पाड्यावर दोन्ही सापडतात, म्हणून एचबीएवनसीच्या ६.५ टक्के या मधुमेह ठरवणाऱ्या रेषेवर विसंबून चालत नाही. तिथे प्रयोगशाळेत मोजलेली उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखरच धरावी. पंडुरोग फार असेल तर ग्लुकोमीटरही साखर जास्त दाखवतो.

दोन्ही आजार सापडले की औषधांचा मेळ घालावा लागतो. क्षयाच्या उपचारात सहा महिने चालणारं रिफॅम्पिसिन यकृताला औषधं वेगाने मोडायला लावतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्यांचा जोर त्याने कमी होतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच गोळीला तितका फरक पडत नाही. साखर फार चढलेली असेल तर इन्सुलिन लावतात. साखर उतरत नाही म्हणून मधल्या काळात गोळी वाढवली जाते, ते बरोबरच आहे. खरी चूक पुढे होते. क्षयाचा कोर्स संपतो, रिफॅम्पिसिन बंद होतं, साधारण दोन आठवड्यांत यकृत मूळ चालीवर येतं आणि वाढवलेली गोळी आता पूर्ण ताकदीने काम करू लागते. साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. शेवटचा डोस घेतल्यावर आठवड्याभरात, आणि नंतर पुन्हा पंधरवड्याने साखर मोजून गोळी कमी करावी लागते. हे काम कोणाचं, यावरून रुग्ण क्षयाच्या आणि मधुमेहाच्या डॉक्टरांच्या मध्ये लटकतो, म्हणून तारीख आधीच कागदावर लिहून दिलेली बरी.

क्षयाच्या इतर औषधांपैकी आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ शकतात, मधुमेहानेही येतात. म्हणून सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-६ द्यायचं. इथॅम्बुटॉलने लाल-हिरव्या रंगांतला फरक ओळखणं अवघड होऊ शकतं, आणि मधुमेही डोळा आधीच कमजोर असू शकतो. पहिल्या आठवड्यातच डोळे तपासून ठेवले तर पुढचा बदल कशामुळे झाला ते कळतं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर इथॅम्बुटॉल आणि पायराझिनामाइडचं वेळापत्रक बदलतं, म्हणून मूत्रपिंडाचं काम सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणीही सुरुवातीलाच.

गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. दर महिन्याला वजन करायचं ते यासाठी, आणि आणखी एका कारणासाठी. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला, आणि शिधा मिळालेल्या घरांतल्या इतर माणसांत क्षयाचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. घरी मात्र ‘शुगर आहे’ म्हणून क्षयरुग्णाचं ताट अर्धं केलं जातं. हे थांबायला हवं. ताट पुरेसं ठेवून औषध त्याला जुळवायचं. नागलीची भाकरी चांगली, पण तीही पिष्टमयच, तिने साखर वाढतेच. सोबत डाळ, अंडं, मूठभर शेंगदाणे हवेत. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये याच ताटासाठी आहेत. २०२४च्या नोव्हेंबरपासून ते पाचशेचे हजार झाले.

मजुरांच्या बाबतीत सहा महिन्यांचा कोर्स आणि बागेचा हंगाम एकमेकांत अडकतात. जानेवारीत निफाडला सुरू झालेलं औषध पावसाळ्याच्या तोंडाला सुरगाण्यात चालू असतं. निक्षय क्रमांकावर, म्हणजे क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणी क्रमांकावर, उपचार दुसऱ्या केंद्रात वर्ग होतो, पण मधुमेहाच्या गोळ्या आपोआप वर्ग होत नाहीत. गावी निघताना निक्षय क्रमांक, चालू गोळ्यांची नावं, शेवटची साखर आणि सिकलसेलचा रिपोर्ट, चारही गोष्टी एकाच कागदावर हव्यात; सोबत महिनाभराच्या दोन्ही आजारांच्या गोळ्या.

कोर्स संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी क्षयरुग्णाला पुन्हा बोलावतात, कारण आजार उलटला तर बहुधा याच दोन वर्षांत उलटतो. मधुमेही रुग्णाची त्या प्रत्येक भेटीत उपाशीपोटीची साखरही घ्यावी. म्हणजे त्याला सकाळी न जेवता यायला सांगायचं, आणि डबा सोबत आणायला.