कयाकिंग: कपडे हवेप्रमाणे नाही, पाण्याप्रमाणे

मे महिना संपता संपता अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला, अपॉसल आयलंड्सच्या किनाऱ्यावर, टी-शर्टात फिरावं असे दिवस येतात. लाटांनी वालुकाश्मात कोरलेल्या गुहा बघायला लोक तिथे कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेऊन जातात. लाँग वीकेंडला शिकागो-मिनियापोलिसची आपली मंडळीही असतात. आणि ज्या लेक सुपीरिअरवर हे सगळे वल्ही मारतात, त्याचं पाणी तेव्हा बऱ्याचदा 4-5 अंश सेल्सिअसच असतं.

कारण आपण शाळेतच शिकलोय: पाण्याचं असंगत आचरण. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं. हिवाळा सरताना वरचं पाणी त्याहून गार असतं. उन्हाने ते 4 अंशांकडे सरकलं की जड होऊन खाली जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्यामुळे वरचा थर नीट तापण्याआधी खालपर्यंतचं पाणी 4 अंशांवर यावं लागतं, आणि सुपीरिअरची सरासरी खोली आहे सुमारे 147 मीटर. मध्यावरच्या खोल भागात हे जुलैपर्यंत चालू शकतं. पुढेही भरवसा नाहीच. जोराचा वारा वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लोटून नेतो, आणि काही तासांत तिथे खालचं गार पाणी आलेलं असतं. म्हणून पाण्याचं तापमान त्याच दिवशी, त्याच जागी बघायचं.

कयाकवाल्यांमध्ये एक आडाखा प्रचलित आहे: हवा आणि पाणी यांच्या फॅरनहाइट तापमानांची बेरीज 120 च्या वर गेली, तर गार पाण्यापासून वाचवणाऱ्या खास पोशाखाची, म्हणजे सूटची, गरज नाही. मला हा आडाखा धोकादायक वाटतो. पाणी 50 आणि हवा 75 असली की बेरीज होते 125, म्हणजे खुशाल टी-शर्टात निघा! पण 50 फॅरनहाइट म्हणजे 10 अंश सेल्सिअस. कयाक उलटल्यावर माणूस असतो पाण्यात, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वरच्या उन्हाचा तिथे काय उपयोग?

शिवाय माणूस गारठून मरतो, ही समजूत अर्धवट आहे. खूप आधी घात होतो तो श्वासाचा. कातडी एकदम गार पडली की नकळत मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते आणि ती आवरत नाही. पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी या 'कोल्ड शॉक'चा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. 10 ते 15 अंशांच्या पाण्यातच तो शिगेला पोहोचतो, बर्फाळ पाण्याची गरज नाही. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना आला, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेख्त यांनी हा क्रम 1-10-1 असा मांडला: श्वास ताब्यात यायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती 10 मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. मधल्या 10 मिनिटांनंतर बोटांना साधं बक्कलही लावता येत नाही, कयाकवर परत चढणं दूरच.

लाइफ जॅकेट तर कायमच हवं. त्यावर माझं मत असं: पाणी 21 अंशांच्या खाली गेलं की सूटचा विचार सुरू करावा, आणि 15 च्या खाली सूटशिवाय उतरूच नये. वेटसूटचं निओप्रीन, म्हणजे एक प्रकारचं रबर, अंगालगत पाण्याचा पातळ थर अडवून धरतं, आणि त्याच्यातले वायूचे बुडबुडे उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. फार गार पाण्यात ड्रायसूटच बरा. तो पाणी बाहेर ठेवतो, पण स्वतः ऊब देत नाही. आत फ्लीसचे थर लागतात, सुती बनियन नाही. मनगटाला आणि गळ्याला लेटेक्सचे घट्ट पट्टे असतात. निघण्याआधी उकिडवं बसून, गळ्याचा पट्टा बोटाने जरा उचलून आतली हवा काढून टाकायची.

किनाऱ्यावर या सुटात घामाघूम व्हायला होतं आणि अनेक जण तिथेच चेन उघडतात. त्यापेक्षा टोपी पाण्यात बुचकळून डोक्यावर घालावी. मग सोबत्याला जवळ उभं करून, आहे त्या कपड्यांत गळ्यापर्यंत पाण्यात शिरावं आणि पाच-दहा मिनिटं थांबावं. श्वास उडाला किंवा बोटं आखडली, तर आत आणखी एक थर घालावा, नाहीतर त्या दिवशी किनाऱ्यावरूनच गुहा बघाव्यात.