ह्यूचा मुलगा जॉन, जॉनचा मुलगा ह्यू: वेल्सच्या जुन्या चर्चवह्यांतली कोडी

वेल्समधल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या वहीत 1760 च्या सुमाराची जॉन ह्यूज नावाच्या माणसाची लग्नाची नोंद सापडली, तर त्याच्या वडिलांसाठी ह्यूज आडनावाची माणसं धुंडाळू नयेत. 'ह्यूज' म्हणजे बहुधा फक्त 'ह्यूचा मुलगा'. वडील ह्यू, आणि आजोबा जॉन असतील तर वडिलांची नोंद ह्यू जोन्स अशी, कारण जोन्स म्हणजे जॉनचा मुलगा. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवण्याची रीत बऱ्याच घरांत होती. त्यामुळे या जॉन ह्यूजचा थोरला पुन्हा ह्यू जोन्स! पिढीआड तीच दोन नावं. शेजारच्या शेतावरच्या घरातही हाच खेळ चालू असतो, आणि त्या दोन घरांचं एकमेकांशी काहीच नातं नसतं.

मुळात वेल्श लोकांना आडनाव नव्हतंच. मुलासाठी 'अप' किंवा 'अब', मुलीसाठी 'वेर्ख' आणि पुढे वडिलांचं नाव. गरज पडली तर आजोबा, पणजोबा असं कितीही मागे जायचं. यामागे नुसती हौस नव्हती. मध्ययुगीन वेल्श कायद्यात बापाची जमीन मुलांमध्ये वाटली जाई, आणि खुनाची भरपाई दूरच्या भाऊबंदांनाही भरावी लागे. कोण कोणाचा कितवा, हे पाठ असणं भाग होतं.

1536 आणि 1543 च्या कायद्यांनी वेल्सला इंग्लंडच्या कायद्याखाली आणलं. प्रतिष्ठित घराण्यांनी इंग्रजांसारखी कायमची आडनावं घ्यायला सुरुवात केली. 'अप हवेल'चं पॉवेल झालं, 'अप रीस'चं प्राइस, 'अप ह्यू'चं प्यू, 'अब ओवेन'चं बोवेन. साध्या शेतकऱ्यांपर्यंत हा बदल फार सावकाश पोचला. उत्तर आणि पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात जुनी रीत एकोणिसाव्या शतकातही दिसते. ज्या पिढीत आडनाव गोठलं, त्या पिढीच्या बापाचं नाव कायमचं चिकटलं. तोवर बारशाची नावं जॉन, डेव्हिड, विल्यम, इव्हान अशा मोजक्यांवर आली होती. म्हणून वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, विल्यम्स आणि इव्हान्स इतके भरमसाट आहेत.

याचा परिणाम डीएनए चाचणीतही दिसतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. त्यामुळे ब्रिटनमधल्या दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत ते बरेचदा सारखं निघतं. जोन्समध्ये तसं होत नाही, कारण त्या आडनावाचे मूळपुरुष असंख्य आहेत.

वह्यांची आणखी एक अडचण म्हणजे लिहिणारा. गाव वेल्श बोलणारं, पण नोंद लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत. घरात ज्याला शोन म्हणत तो वहीत जॉन, इयेवान कधी इव्हान तर कधी जॉनच. पाद्री बदलला की एकाच माणसाचं नाव बदलतं. 1752 पूर्वी अधिकृत वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणजे फेब्रुवारी 1720 ची नोंद आजच्या हिशेबाने 1721 ची. हे विसरलं, की लग्नाआधीच मूल जन्मल्यासारखं दिसतं.

या वह्यांतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती बायकांची नावं. 'ग्वेन वेर्ख दावीध', म्हणजे दावीधची मुलगी ग्वेन, लग्नानंतरही तीच राहायची आणि पुष्कळदा दफनाच्या नोंदीतही तशीच. इंग्लंडमधल्या वह्यांत बाई नवऱ्याच्या आडनावात विरून जाते, इथे तिचं माहेर शाबूत राहतं. पण इंग्रजी वळणाचा पाद्री आला की तीच ग्वेन नवऱ्याच्या नावाखाली जाते आणि शोधणारा दोन बायका मोजून बसतो.

मग धागा धरायचा कशाचा? शेताच्या नावाचा. माणसाचं नाव पिढीगणिक बदलतं, शेताचं नाव सहसा टिकतं, आणि वेल्समध्ये लोक एकमेकांना शेताच्या नावानेच ओळखत. बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि शेत अशा चार नोंदी जुळल्या तरच नातं मानावं. दुसरा आधार इच्छापत्रांचा. 1858 पूर्वी ती चर्चच्या न्यायालयांत मंजूर होत. वेल्समधली अशी हजारो इच्छापत्रं ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहेत आणि संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. एखाद्या ह्यू जोन्सने आपल्या इच्छापत्रात थोरल्याला जमीन, धाकट्याला गाय आणि लग्न झालेल्या मुलीला पलंग ठेवला असेल, तर तिन्ही मुलं एकाच कागदावर नावानिशी सापडतात, आणि तो जॉन ह्यूज त्याचाच का शेजारच्या ह्यूचा, हे तिथे ठरतं.